चाळीस वॉट आणि एक मिलिवॉट

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला घरी गेलो, तेव्हा मामांनी त्यांचे जुने हेडफोन आजोबांसाठी आणून ठेवले होते. हायफायमॅन कंपनीचे एचई-६. वजन जवळजवळ अर्धा किलो.

आजोबा तोफखान्यातले. त्यांच्या वेळी कानांचे रक्षण म्हणजे कापसाचा बोळा. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आधी जातात. त्यामुळे आजोबांना बोलणे ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘श’ निसटतात. टेपचा आवाज वाढवला की घरात कुरबुर सुरू होते, म्हणून त्यांनी भीमसेन जोशींचे अभंग ऐकणेच सोडून दिले होते.

पहिल्यांदा हेडफोन बाबांच्या मोबाइलला जोडले. हळू आवाजात ठीक वाटले, पण तान वर चढली की आवाज फाटायचा. कारण हेडफोनच्या माहितीपत्रकातच होते: रोध ५० ओम, आणि १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल. यांत नेहमीचा कोन नसतो. पातळ पडद्यावर वाहक पट्ट्या असतात आणि चुंबकांच्या मध्ये तो अख्खा पडदा हलतो. आवाज सुंदर, पण भूक मोठी.

दर १० डेसिबल वाढवायला शक्ती दहापट लागते. साधे ऐकायला १ मिलिवॉट पुरतो, पण गाण्यातली उंच जागा २० डेसिबल वर गेली तर १०० मिलिवॉट हवेत. ५० ओममध्ये त्यासाठी सुमारे २.२ व्होल्ट लागतात. मोबाइल साधारण एका व्होल्टलाच थकतो.

मग माळ्यावरचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर खाली काढला. मागे लिहिलेले: ८ ओमला प्रत्येक बाजूस ४० वॉट. म्हणजे जास्तीत जास्त १७.९ व्होल्ट. तेवढेच व्होल्ट ५० ओमच्या हेडफोनला दिले तर ६.४ वॉट जातात, आणि कानाशी आवाज होतो १२१ डेसिबलच्या वर. मोबाइलकडे शक्ती कमी होती, इथे ती नको इतकी होती. आजोबांना कमी ऐकू येते, ते बटण फिरवत राहणार. उरलेले कानही जायचे. आई म्हणाली, “राहू दे ते, टीव्ही बरा.”

मी आमच्या फिजिक्सच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, “ताकद आहे हे चांगलेच. तिला लगाम कुठे घालायचा ते कागदावर काढ, मग सोल्डरिंग आयर्न हातात घे.” कागदावर तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, तारा. साध्या हेडफोन पिनमध्ये दोन्ही कानांच्या ऋण तारा एकत्र असतात. काही ॲम्प्लिफायरमध्ये काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो. तिथे दोन्ही काळी टोके जोडली की शॉर्ट. मामांच्या हेडफोनची तार चार पिनांची, दोन्ही कान शेवटपर्यंत वेगळे. म्हणून मी चार स्वतंत्र तारा नेल्या.

दुसरी, रोधक. प्रत्येक बाजूला ३३ ओमचा १० वॉटचा रोधक सरळ मार्गात, आणि १० ओमचा ५ वॉटचा रोधक हेडफोनला समांतर. यामुळे हेडफोनपर्यंत व्होल्टेजचा फक्त पाचवा भाग पोचतो. बटण पूर्ण फिरवले तरी सुमारे १०७ डेसिबल. आणखी एक फायदा झाला. ॲम्प्लिफायरची बारीक सरसरही पाचपट घटली. आधी बटण जरासे हलवले की आवाज अंगावर यायचा, आता ते मधोमध आणता येते. आमचा ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा आहे, त्याला ४१ ओमचा भार चालतो. व्हॉल्व्हचा असता तर त्याच्या ट्रान्सफॉर्मरसाठी योग्य भार वेगळा द्यावा लागला असता.

तिसरी, खूण. १०७ डेसिबलही सतत ऐकायला धोक्याचेच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणून सीडीवर पूर्ण पातळीचा एकसलग सूर लावला, हेडफोन टेबलावर ठेवून मल्टिमीटर जोडला, आणि १ व्होल्ट येताच बटणाशेजारी लाल रंगाची रेघ मारली. तिथे सर्वांत उंच जागा ९६.५ डेसिबलला पोचते. गाण्याची सरासरी पातळी त्याहून बरीच खाली राहते.

आजोबांनी हेडफोन घातले. आवाज न फाटता तान वर गेली. थोड्या वेळाने त्यांनी हाताने खूण केली, अजून वाढव. मी रेघ दाखवली आणि १२१ चा हिशोब सांगितला. वाद होईल असे वाटले होते. पण रेंजवर सेफ्टी लिमिट पाळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला रेघेचा अर्थ समजवावा लागत नाही. “हुकूम मंजूर,” एवढेच ते म्हणाले.

मग त्यांनी विचारले, “तानपुऱ्याचा झणकार आहे का रे यात?” तो स्वच्छ वाजत होता. मी म्हणालो, “आहे, आजोबा.” ते म्हणाले, “मग असू दे. मला गळा आणि पखवाज ऐकू येतोय.” कितीही वॉट दिले तरी मेलेल्या पेशीला ऐकू येत नाही, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते समोर पाहिले.

त्यांच्या हाती पर्याय नव्हता, तोफ चालवणे हे त्यांचे काम होते. आपल्याला पर्याय आहे. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येक कानाने ६१० सेंटीमीटरवरून कुजबुज ऐकावी लागते. डॉर्मिटरीत शेजारच्या पलंगावरच्या हेडफोनमधले गाणे मला शब्दाशब्दाने ऐकू येते, तेव्हा मला ती लाल रेघ आठवते. ज्यांना हवा असेल त्यांना जोडणीचा नकाशा मी काढून देईन, पण रेघ ज्याची त्याने स्वतः मारायची.