टोपलीतली तीन पिल्लं



गेल्या जानेवारीत आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला होता. टोपलीत जुनं सुती पातळ अंथरलेलं, त्यावर रानमांजराची तीन पिल्लं आणि कडेला माझा हात. खाली लिहिलं होतं, ‘उसाच्या फडात सापडली, वाचवली.’ अर्ध्या तासात चाळीसएक जणींनी ‘खूप खूप अनुमोदना’ असं लिहिलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, हेही कबूल करते.

नंतर कुणी विचारलं, की ‘आईकडे पोचली’ एवढंच सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. तीन नाही, दोन पोचली.

आज राहिलेलं लिहिते. आपण केलेलं, करवून घेतलेलं आणि ज्याला अनुमोदना दिली ते, तिन्हींचा बंध पडतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग ज्याला तुम्ही अनुमोदना दिलीत ते काम नेमकं काय होतं, हे तुमच्यापासून लपवून ठेवण्याचा मला अधिकार नाही.

आमचा मळा वारणाकाठी. दिवाळीनंतर बीडकडून तोडणीची टोळी येते, शेताच्या कडेला कोप्या घालून राहते. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी चहा घेऊन फडात गेले, तर सगळे कोयते खाली ठेवून उभे. पाचटाच्या खोलगट जागेत तीन पिल्लं एकमेकांत गुंतून पडली होती. डोळे मिटलेले. तळहातावर मावतील एवढी.

टोळीतली एक तरुण बाई म्हणाली, “काकू, तिथंच बांधाला ठिवा. माय येती की न्यायला.”

मी म्हटलं, “अगं, कुत्री फाडतील. आई असती तर टाकून गेली असती का?”

तिनं बांधावरच्या बाभळीकडे बोट दाखवलं. तिथं झोळी बांधलेली होती. “माझं लेकरू बी तिथं निजलंय. मी हितं कामाव हाय, म्हून काय ते बेवारस झालं का?”

मी हसले आणि पिल्लं पदरात घेतली. तिचं बोलणं मी ऐकलं, पण कानाआड केलं. कोयता चालवणाऱ्या बाईनं मला जीवदया शिकवावी, हे कुठंतरी आत पटलं नव्हतं. त्या वेळी मला हे कळलंही नाही. आज लिहिताना कळतंय.

घरी आणून मी काय काय केलं ते ऐका, कारण तुमच्यापैकी बहुतेकींनी हेच केलं असतं. गाईचं दूध कोमट करून कापसाच्या बोळ्यानं पाजलं. लहान बाळासारखं पाठीवर धरून पाजलं. दर तासाला पाजलं. नात शाळेतून आली, तिनं तिघांना नावं ठेवली, शेजारच्या मुली बघायला आल्या, टोपली या मांडीवरून त्या मांडीवर फिरली. फोटोही तेव्हाच काढला.

सूर्यास्ताआधी जेवणं उरकली आणि मी सामायिकाला बसले. आतल्या खोलीतून बारीक चिरका आवाज येत होता. भूक असेल म्हणून उठून पुन्हा दूध पाजलं. रात्री एकाला जुलाब सुरू झाले. पहाटे पाचला दिवा लावून पाहिलं, तर दोन पिल्लं एका कोपऱ्यात आणि तिसरं थोडं बाजूला. हात लावला, तर गार.

मी आमच्या यांना उठवलं. ते काहीच बोलले नाहीत. चिंचेखाली खड्डा काढला, मी णमोकार म्हटला. उजाडल्यावर पाण्याला आलेली ती तोडणीवाली बाई सहज म्हणाली, “रातभर मांजर वरडत व्हतं बगा फडात. आमच्या कोपीपतुर येऊन गेलं.”

मैत्रिणींनो, मी बी.कॉम. झालेली आहे. चाळीस वर्षं घराचा आणि शेताचा जमाखर्च लिहिते. त्या क्षणी मला दिसलं, की जी रक्कम मी जमेच्या बाजूला लिहिली होती, ती सगळी नावे पडायची होती.

यांनी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. दुपारी एक वनरक्षक मुलगी आली, माझ्या सुनेच्या वयाची. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पहिला प्रश्न विचारला, “नेमकी कुठं सापडली?” आणि मग एकेक समजावून सांगितलं.

गाईचं दूध वासरासाठी असतं. मांजराच्या पिल्लाला ते पचत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी निघून जातं. पाठीवर धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. पिल्लू गार पडलेलं असेल तर आधी ऊब द्यायची, कारण गार पोटात काहीच पचत नाही. इतक्या लहान पिल्लांना लघवीसुद्धा आपली आपण होत नाही. आई चाटते तेव्हा होते. हे ऐकताना मला माझी दोन्ही बाळंतपणं आठवली. आई ही काय चीज असते, ते मला ठाऊक नव्हतं का? पण मांजराच्या आईचा मी विचारच केला नव्हता.

नातीनं विचारलं, “आपणच वाढवली तर? मोठी झाल्यावर काय खातील?”

“उंदीर, पाखरं,” ती मुलगी म्हणाली.

घरात एकदम शांतता. पिल्लं जगवायची तर रोज दुसरे जीव आणून द्यायचे, आणि ते द्यायचे नाहीत तर पिल्लांना उपाशी ठेवायचं. दोन्हीकडून व्रत मोडतं. दिल्लीच्या लाल मंदिरातलं पक्ष्यांचं रुग्णालय आम्ही यात्रेत पाहिलं होतं. शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना आत ठेवून घेत नाहीत, असं तिथं ऐकलं होतं. तेव्हा मला ते जरा कोरडं वाटलं होतं. आता त्यातलं शहाणपण समजलं. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानं रानमांजर घरी पाळताच येत नाही.

मी भीतभीत विचारलं, “पण आता त्यांना माझा वास लागलाय. आई घेईल का?” ती म्हणाली, “माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लं टाकते, हा समज आहे. काकू, आई इतकी सहज सोडत नाही.” जुन्नरकडे उसात सापडलेले बिबट्याचे बछडेसुद्धा असेच सापडल्या जागी ठेवून आईकडे पोचवतात, हेही तिनं सांगितलं.

यांनी मुकादमाला सांगून त्या बाजूच्या चार सऱ्या उभ्या ठेवल्या. ट्रॅक्टर अडून राहिला, मुकादम कुरकुरला. अर्ध्या दिवसाची तोड गेली, तिचे पैसे आम्ही टोळीला दिले. पशुवैद्यांनी पिल्लं तपासली. दिवस मावळताना टोमॅटोच्या क्रेटमध्ये कोरडं पाचट घालून दोघांना जिथून उचललं त्याच जागी ठेवलं. कुत्री बांधून घातली आणि आम्ही लांब, मोटारीच्या खोलीत दिवा न लावता बसलो.

त्या दिवशीचं माझं सामायिक तिथंच झालं. इतकं न हलता मी देवळातही कधी बसले नव्हते.

साडेआठच्या पुढं उभ्या उसात सळसळ झाली. चांदणं बेताचं होतं. लांब पायांची एक करडी सावली बाहेर आली, थांबली, पुन्हा आत गेली. परत आली. क्रेटमध्ये वाकली आणि मानेला धरून एकाला घेऊन गेली. बऱ्याच वेळानं पुन्हा आली, दुसऱ्याला नेलं. वनरक्षक मुलगी हळूच म्हणाली, “झालं, सुटलो.” यांनी चप्पल घातली.

तेवढ्यात ती तिसऱ्यांदा आली.

रिकाम्या क्रेटमध्ये वाकून बघितलं. पाचट पायानं ओढलं. भोवती फिरली, पुन्हा बघितलं. मग तोंड वर करून एकदा ओरडली आणि थोडा वेळ तिथंच बसून राहिली. मोटारीच्या खोलीत कुणीच काही बोललं नाही.

तिला मोजता येत होतं.

आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ म्हणतो. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बंध म्हटलं की मला दावणीची गुरं आणि पिंजऱ्यातला पोपट आठवायचा. माझी टोपली नाही. अन्नपाननिरोध म्हणजे उपाशी ठेवणं, मी तर दर तासाला पाजत होते. पण ज्या दुधाची त्यांना गरज होती ते रात्रभर फडात हंबरडा फोडत फिरत होतं, आणि ते मी अडवून धरलं होतं. वर नावं ठेवली, फोटो काढला, ‘माझी पिल्लं’ म्हटलं. परिग्रह फक्त सोन्याचा आणि भांड्यांचा नसतो. दयेचाही असतो.

म्हणून तुमच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवते. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं झालं असं नाही. सशाचं पिल्लू तर दिवसभर एकटंच निपचित बसून असतं, आई फक्त अंधार पडताना पाजायला येते. ज्वारीच्या रानात दिसलं तर बघून पुढं व्हा. पंख फुटलेलं पाखराचं पिल्लू जमिनीवर टुणटुणत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा झुडपावर ठेवा, आईबाप जवळच असतात. पंख नसलेलं उघडं पिल्लू पडलं असेल, तर हलक्या हातानं घरट्यात परत ठेवा. घरटंच पडलं असेल, तर भोकं असलेली लहान परडी त्याच फांदीला बांधून तीत ठेवा. नारळ उतरवताना खारीची पिल्लं पडली, तर उबदार खोक्यात घालून त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवा आणि माणसं लांब करा. बहुतेक वेळा आई येते.

मात्र जखम असेल, अंगाला मुंग्या किंवा माश्या लागल्या असतील, पिल्लू गार पडलं असेल किंवा आई मेलेली डोळ्यांनी दिसली असेल, तर हवेशीर खोक्यात, अंधारात आणि उबेत ठेवा. दूध, पाणी काही पाजू नका. मुलांना दाखवत बसू नका. १९२६ला किंवा जवळच्या वनकार्यालयात लगेच फोन करा. एवढंच आपलं काम.

यंदा टोळी पुन्हा आली आहे. ती बाईही आली, झोळीतलं लेकरू आता चालतं. पहिल्याच दिवशी मी तिच्यापुढं हात जोडले आणि म्हटलं, “गेल्या वर्षी तुझं ऐकायला हवं होतं गं.” तिला काही आठवेना. आठवलं तेव्हा ती म्हणाली, “व्हय, तिसरं कसं हाय?”

मी तिला खरं सांगितलं. आज तुम्हालाही सांगितलं. रोजच्या प्रतिक्रमणात त्या एका जिवाची मी क्षमा मागते. तुम्ही दिलेली अनुमोदना मात्र परत घ्या, आणि द्यायचीच असेल तर त्या तोडणीवालीला द्या.