हार्डविकच्या खोट्या खिडक्या

ऑनसाईट आलेल्या माणसाला वीकेंडला इंग्लंडातली जुनी घरं बघायचा नाद लागतोच. चार-पाच झाली की सगळी सारखीच दिसायला लागतात. डर्बीशायरमधला हार्डविक हॉल मात्र डोक्यातून जात नाहीये.

१५९० ते १५९७ या काळात बांधलेलं घर. मालकीण बेस ऑफ हार्डविक, तेव्हा साठी उलटलेली. नकाशा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. टेकडीवर उभं, आणि काच महाग असण्याच्या काळात समोरून बघावं तिकडे काचच काच! वर जावं तशा खिडक्या उंच होत जातात, कारण दरबारी थाटाची दालनं सगळ्यात वर. बाईंचं रोजचं राहणं मधल्या मजल्यावर. (म्हणजे पाहुणा जितका बडा तितके जिने जास्त, बरं का.)

आता आमच्या धंद्यातली गंमत. बाहेरून घर काटेकोर सिमेट्रिक, आणि ते जमवायला आत केलेले जुगाड बघा. बाहेर एक उंच खिडकी दिसते, आत तिच्यामागे दोन मजले! काही खिडक्यांमागे तर खोलीच नाही, धुराडं आहे. आधी स्क्रीन ठरवला, मग त्यामागे कोड कोंबला. एरवी रिव्ह्यूमध्ये असं काही दिसलं की मी जाम भडकतो.

इथे नाही भडकलो. कारण निव्वळ थापेबाजी नाहीये ही. बाहेरच्या भिंती काचेला द्यायच्या म्हणून बऱ्याचशा शेकोट्या आतल्या जाड भिंतीत नेल्यात. हे खरं इंजिनिअरिंग. थंडी वाजायची ती वाजतच असणार म्हणा.

आणि रिक्वायरमेंट काय होती? त्या काळच्या कायद्यात बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात. चौथ्या नवऱ्याशी, अर्ल ऑफ श्रूजबरीशी, बाईंची मालमत्तेवरून वर्षानुवर्षं भांडणं चालली. तो १५९० मध्ये गेला आणि सगळा कारभार बाईंच्या हाती आला. तेव्हा हे घर लांबूनच दिसायला हवं होतं, आणि कोणाचं ते कळायलाही हवं होतं. म्हणून सहाही बुरुजांवर दगडात कोरलेली अक्षरं, ई एस. एलिझाबेथ श्रूजबरी.

असो. वरच्या लांबलचक गॅलरीतले गिडियनच्या गोष्टीचे भिंतपडदे बाईंनी १५९२ मध्ये सेकंडहँड घेतले. त्यावर आधीच्या मालकाच्या घराण्याची चिन्हं होती. ती झाकून आपली लावायचा खर्च म्हणून बाईंनी किमतीतून ५ पौंड कापून घेतले!