शिकरणाचा वास

म्यूनिकला निघण्याच्या आदल्या रात्री ताईने मला स्वयंपाकघरात बोलावले. लाडवांचा डबा हाती देताना ती हळूच म्हणाली, "तो तिकडे घेतो का रे? एवढं बघून ये."

'घेतो' या क्रियापदाला कर्म नसले म्हणजे त्याचा अर्थ काय होतो, हे व्याकरण आपल्या घरांतून कुणाला शिकवावे लागत नाही. चाळिशी उलटली तरी मी थेंबही चाखला नव्हता. म्हणूनच या हेरगिरीवर माझी नेमणूक झाली असावी.

तिसऱ्या दिवशी भाच्याने मला टाल नावाच्या रस्त्यावरील श्नायडर यांच्या जुन्या बिअरगृहात नेले. मी कल्पिलेला अंधार तिथे नव्हता. लाकडी बाकांवर आजीआजोबा नातवंडांसह जेवत होते. भाचा टेबलाकडे पाहत म्हणाला, "मामा, मी इथं अधूनमधून घेतो. आईला सांगाल?"

"विचारलं तर खोटं बोलणार नाही."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तर मग तुम्हीही चाखून बघा. काय सांगायचं ते तरी नीट कळेल."

अशी आमच्यापुढे 'आव्हेंटिनस' आली. हे नाव सोळाव्या शतकातल्या बव्हेरियन इतिहासकाराचे. आपल्याकडे बखरकाराचे नाव कुणी ताकालाही देणार नाही! ही बिअर १९०७ सालापासून निघते. पूर्वी ती याच जागी तयार होई. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांनंतर ते काम केल्हाइम गावी गेले. हिची जात 'वाइत्सेनबॉक'. 'वाइत्सेन' म्हणजे गहू आणि 'बॉक' म्हणजे कडक बिअर. हा 'बॉक' मूळचा आइनबेक गावाच्या नावातला. लोकांच्या तोंडी झिजून त्याचा चक्क बोकड झाला. साध्या गव्हाच्या बिअरमध्ये मद्यार्क पाच-साडेपाच टक्के, हिच्यात ८.२. बोकडाची धडक ती हीच.

उंच पेल्यात काकवीच्या रंगाचे गढूळ पेय आणि वर जाड फेस. मी पेला नाकाशी नेला आणि थबकलो. पिकलेले केळे! त्यामागून लवंग. परक्या देशात, निषिद्ध पेल्यातून मला ताईच्या शिकरणाचा वास येत होता.

"यात केळं घालतात?"

भाचा हसला. "केळं नाही, लवंगही नाही. मोड आणून वाळवलेला गहू नि जव, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. आंबवताना हे वास ते यीस्टच तयार करतं."

घोट गोडसर लागला, मनुकांसारखा. मग घशातून ऊब उतरली. चौथ्या घोटाला कान तापले, तेव्हा मी पेला खाली ठेवला. भाच्यानेही आपला अर्धा तसाच सोडला. माझ्यासाठी सोडला की रोजच सोडतो, ते मी विचारले नाही.

परतल्यावर ताईने जेवायला बोलावले. पानात शिकरण होते. तिने विचारले, मी सांगितले : "घेतो. अधूनमधून. त्याच्याबरोबर मीही घेतली."

ती बराच वेळ बोलली नाही. मग वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "कशी लागते?"

मी शिकरणाकडे बोट दाखवले. तिला आधी राग आला, मग हसू आले. डोळे पुसत ती म्हणाली, "रविवारी फोन येईल त्याचा. मीच विचारीन. त्याला म्हणावं, मलाही खरंच सांग."