मुस्तफा, मी आणि गल्ल्याची चावी

माझ्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये सोफा नाही, डायनिंग टेबल नाही. पण हॉलच्या कोपऱ्यात फ्रीजएवढं एक लाकडी खोकं आहे. दोन जॉयस्टिक, रंगीत बटणं, मधोमध जुन्या टीव्हीची काच आणि खाली नाणं टाकायची फट. हो, तेच ते! शाळेमागच्या गल्लीत, मळक्या पडद्याआड असायचं ते गेम पार्लरचं मशीन. आणि त्यात अर्थातच 'मुस्तफा'!

आता खरं सांगा, या गेमचं खरं नाव तुमच्यापैकी किती जणांना माहितीये? 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. एका अमेरिकन कॉमिकवरून जपानच्या कॅपकॉमने तो १९९३ मध्ये काढला. त्यात हीरो चार : जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. पण आपल्याकडे मुस्तफाची उडती लाथ एवढी हिट झाली, की अख्ख्या गेमचं बारसं त्याच्याच नावाने झालं.

तुम्ही म्हणाल, मग लॅपटॉपवर खेळ की! मुद्दा बरोबर आहे. जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं 'मेम' हे सॉफ्टवेअर १९९७ मध्येच आलंय, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचं. तरीही काही जणांना खोकंच हवं असतं. ही जमात जरा वेगळीच. गेलं वर्षभर मशीन शोधताना मला सगळी तीच मंडळी भेटली आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ''तुम्हाला हे कशाला हवंय?'' मी दर वेळी नवी थाप मारली.

पहिली थाप लॅमिंग्टन रोडवर. बटणं मागितली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ''मिस्टरांसाठी का?'' ''नाही, एक लेख लिहायचाय,'' मी ठोकून दिलं. त्याने काचेवर सहा बटणं मांडली आणि म्हणाला, ''मॅडम, डोळे मिटा.'' भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत! प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो आणि त्याची 'टिक' कानानेच निवडायची असते, असं त्याचं म्हणणं. मिटले बाबा डोळे. टिक, टक, टिक... हळूच एक डोळा उघडून पाहिलं, तर माझ्या मागे उभ्या असलेल्या कुरिअरवाल्यानेही डोळे मिटलेले! आम्हा दोघांनाही चौथं बटण आवडलं. ''बरोब्बर, पार्लरमध्ये हेच असायचं,'' असं म्हणत त्याने ते दिलं. डिस्काउंट मात्र एक रुपयाचा नाही.

दुसरा पुण्यातला, कोथरूडचा. आयटीवाला. चपला बाहेर, हात साबणाने धुऊन मगच आत प्रवेश. बेडरूममध्ये तीन मशीन्स आणि बेड हॉलमध्ये! भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेला लाल गोल होता. बायकोचा वाढदिवस असेल असं मला वाटलं, पण तो होता बॅटरी बदलायचा दिवस. मुस्तफाच्या ओरिजिनल बोर्डमधल्या प्रोग्रॅमचा काही भाग कुलूपबंद असतो. त्याची किल्ली चिपच्या मेमरीत असते आणि ती मेमरी एका छोट्याशा बॅटरीवर जगते. बॅटरी मेली की चिप विसरते आणि बोर्ड निकामी! हे लोक तिला 'सुइसाइड बॅटरी' म्हणतात.

''मग आपल्या पार्लरमधले बोर्ड?'' मी विचारलं. ''छे! ते बहुतेक डुप्लिकेट. त्यांत बॅटरीच नसायची,'' त्याने नाक मुरडलं. म्हणजे अस्सल माल सलाइनवर आणि नकली माल ठणठणीत! ''तुम्हाला कशाला हवंय?'' ''इंटिरिअर म्हणून,'' मी म्हटलं. त्यानंतर त्याने मला चहासुद्धा विचारला नाही.

ठणठणीत नकली बोर्ड मिळाला कल्याणला. एकेकाळी पार्लर चालवणारे काका आता झेरॉक्सच्या दुकानात बसतात. शेवटचं उरलेलं मशीन त्यांनी मागच्या खोलीत जुन्या साडीखाली झाकून ठेवलं होतं. त्यांनी माझी चौकशी केली ती थेट स्थळ बघायला आल्यासारखी. घरात ओल आहे का? कुठल्या मजल्यावर राहता? रोज चालू कराल ना? मी 'भाच्यासाठी' अशी थाप मारली. (मला भाचा नाही.) व्यवहार ठरला, टेम्पो आला आणि काका म्हणाले, ''मशीन न्या. गल्ल्याची चावी माझ्याकडेच राहील.''

मग त्यांनी एक कापडी पिशवी हातात ठेवली. आत एक रुपयाची चाळीस जुनी, मोठी नाणी. २०११ पासूनचं नवं नाणं आकाराने लहान. या फटीला ते चालत नाही. ''ही संपली की फोन करा. मी येऊन गल्ला उघडून देईन.'' आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

पिक्चर ट्यूब दुरुस्त करायला उल्हासनगरचे एक टीव्ही मेकॅनिक आले. पूर्ण दोन तास त्यांचा डावा हात खिशात. मला वाटलं, दुखतोय की काय. ''नाही ताई, मशीन बंद केलं तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात. दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो.'' पडद्यावर चित्र आलं, मागचं झाकण लागलं, तेव्हाच तो हात खिशातून निघाला, तो थेट जॉयस्टिकवर. खेळता खेळता त्यांनी विचारलं, ''कशाला घेतलंत हे?'' माझ्या थापा संपल्या होत्या.

तर खरं कारण असं. २००५च्या सुमारास, डोंबिवलीत, मी तिसरीत आणि दादा सातवीत. पार्लरमध्ये मुली जायच्या नाहीत. मी पडद्याच्या फटीतून बघायचे. एक दिवस दादाने सगळ्यांसमोर मला ''घरी जा,'' म्हणून हाकललं. मी घरी गेले आणि तो कुठे आहे ते बाबांना सांगितलं. बाबांनी त्याला कान धरून आणलं आणि पट्ट्याने मारलं. बाबांचा तो पहिला आणि शेवटचा मार. चुगली कुणी केली, हे दादाला कधीच कळलं नाही.

मेकॅनिक मान वर न करता म्हणाले, ''मग पहिलं नाणं त्याला टाकू द्या.''

दिवाळीला दादा बेंगळुरूहून आला. मशीनसमोर उभं करून मी वीस वर्षांपूर्वीचं सगळं एका दमात सांगून टाकलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ''मार आठवतो गं. पण मी कुठे खेळायचो? पैसे कुठे होते? मी मागे उभा राहून बघायचो.''

ते खोटं नव्हतं, हे दोन मिनिटांत कळलं. इतकं वाईट मी कुणाला खेळताना पाहिलेलं नाही! त्याने मुस्तफा घेतला, मी हॅना. त्या पार्लरमध्ये हॅनाला कुणी हातच लावायचं नाही. भाऊबीजेपर्यंत पिशवीत एकच नाणं उरलं. दादाने ते माझ्या ओवाळणीच्या ताटात टाकलं.

मी काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चावी घेऊन हजर! जमिनीवर मांडी घालून त्यांनी नाणी मोजली. पुन्हा मोजली.

''एकोणचाळीस. एक कुठे गेलं?''

''अडकलं असेल आत कुठेतरी,'' मी म्हटलं.

एवढी एक थाप शिल्लक होती.