एकोणीस वेळा एक

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत गणितावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पुरावा मागण्याची शिस्त दोन्ही विषयांत एकच असल्याने आम्ही हे धाडस करीत आहोत.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला मूळ संख्या समजावून सांगण्यास वेळ लागत नाही. कपाशी चौफुलीवर लावायची तर उभ्या-आडव्या ओळी सारख्या भराव्या लागतात. बारा झाडे तीन ओळींत चार-चार बसतात. तेरा झाडांची मात्र एकच लांब ओळ होते. तेरा ही मूळ संख्या. अशीच एक प्रचंड मूळ संख्या पहिलीतले मूलही लिहू शकेल : १ हा अंक एकोणीस वेळा.

११ ही मूळ आहे. १११ ला ३ ने भाग जातो. ११११ म्हणजे ११ × १०१. पाच एक म्हणजे ४१ × २७१ आणि सात एक म्हणजे २३९ × ४६४९. पुढेही अठरा एकांपर्यंत एकही संख्या टिकत नाही. एकोणीस एकांचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तेथपर्यंत विभाजक शोधायचा म्हणजे आयुष्य पुरणार नाही. येथे तर्क मदतीस येतो. एक किती वेळा लिहिला ती संख्या पाच वा त्याहून मोठी मूळ संख्या असेल, तर प्रत्येक मूळ विभाजकाला तिच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ च उरते. २३९ व ४६४९ यांना १४ ने भागून पाहावे. एकोणीससाठी ही दुप्पट ३८. म्हणून १०५ कोटींचे ओझे पावणेतीन कोटींच्या आसपास येते. ही संख्या मूळ असल्याचे होप्पे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सिद्ध केले. तेव्हा संगणक नव्हते.

याच एकांच्या वर्गांवर देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी परिश्रम घेतले. १११ चा वर्ग १२३२१. अशा संख्यांना त्यांनी डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटले. १९३० ते १९६२ ते शाळेतच शिकवीत राहिले. पदव्युत्तर पदवी नसल्याने विद्वानांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाने घेतली. ज्यांना शाळेचा उंबरठाच नाकारला गेला, त्यांच्यातील किती कापरेकर हरवले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून वसतिगृहात येणाऱ्या कित्येक मुलांनी ‘गणित तुमचे काम नव्हे’ हे ऐकलेले असते. कालामांना तथागतांनी सांगितले की परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावरून स्वीकारू नका. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात : ये आणि पाहा. भागाकारही तपासणाऱ्याची जात विचारीत नाही.

पालकांनी मुलांसमवेत तेरा एक लिहावेत. तेराची दुप्पट २६. बाकी १ उरणारी पहिली संख्या २७, ती मूळ नाही. दुसरी ५३. भागून पाहावे.