लास वेगास : जिथे जुगारही पुस्तकातून शिकतात

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास वेगास हे शहर रात्री विमानातून पाहिले, तर काळ्याभोर वाळवंटावर कुणी दागिन्यांची पेटी उपडी केली आहे असे वाटते. विमानतळावर पाऊल ठेवताच पहिले दर्शन घडते ते जुगाराच्या यंत्रांचे. सामान हाती येण्याआधीच खिशातले पैसे जाण्याची सोय! लॉस एंजेलिसला मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले मराठी आईवडील असोत, नाहीतर मुंबई-पुण्याहून अमेरिकेच्या सहलीवर निघालेली मंडळी असोत, वेगासची एकदोन रात्रींची फेरी बहुधा कार्यक्रमात असतेच. रोषणाई पाहायची, नाचती कारंजी पाहायची, गंमत म्हणून यंत्रात थोडे डॉलर घालायचे आणि परतायचे.

पण या शहराची एक बाजू पर्यटकांच्या नजरेस फारशी पडत नाही. इथे जुगार शिकवणाऱ्या पुस्तकांची मोठी परंपरा आहे. पत्त्यांच्या खेळात कोणत्या वेळी काय करावे हे सांगणारी छोटी कोष्टके तर कॅसिनो हॉटेलांतल्या दुकानांतच विकत मिळतात. गिऱ्हाइकाने जिंकायचे कसे, हे दुकानदारच त्याला शिकवतो आणि तरीही त्याचा धंदा बुडत नाही. हे कसे, याचे उत्तर मिळाले की या शहराचे खरे गुपित हाती येते.

वाळवंटातले स्टेशन

लास वेगास मुळात रेल्वेचे गाव. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने इथले भूखंड लिलावाने विकले आणि गाव वसले. १९३१ हे वर्ष मात्र त्याचे नशीब बदलणारे ठरले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच कोलोराडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. हजारो मजूर, त्यांच्या हाती रोख पगार आणि मन रमवायला वाळवंटात दुसरे काही नाही. जुगाराच्या अड्ड्यांना आणखी काय हवे होते?

१९४१ मध्ये गावाबाहेरच्या महामार्गावर पहिले मोठे कॅसिनो हॉटेल उभे राहिले. १९४६ च्या डिसेंबरात 'फ्लॅमिंगो' सुरू झाले. आज 'स्ट्रिप' या नावाने जगभर ओळखला जातो तो हाच रस्ता. मात्र जुने वेगास पाहायचे असेल तर फ्रीमाँट स्ट्रीटला जायला हवे. १९९५ मध्ये या रस्त्यावर दिव्यांचे प्रचंड छत घातले गेले. रात्री त्याखालून चालताना दिवाळीच्या बाजारातून चालल्यासारखे वाटते.

याच रस्त्यावर १९५१ मध्ये बेनी बिनियन यांनी 'हॉर्सशू' हा कॅसिनो थाटला. तिथेच १९७० मध्ये निवडक खेळाडूंना बोलावून पोकरची जागतिक स्पर्धा सुरू झाली. गंमत अशी, की पहिल्या वर्षी विजेता ठरला तो खेळाडूंच्या मतांनी! जॉनी मॉस हे ते विजेते. पुढे मुख्य स्पर्धेसाठी दहा हजार डॉलर प्रवेशशुल्क ठरले आणि तो आकडा आजही तोच आहे. २००५ मध्ये ही स्पर्धा मोठ्या जागेत गेली आणि २०२२ पासून ती स्ट्रिपवर भरते.

लकमन दांपत्याचे दुकान

१९६४ मध्ये जॉन आणि एडना लकमन या पतिपत्नींनी या शहरात एक वेगळेच दुकान काढले. नाव 'गॅम्बलर्स बुक क्लब'. साऊथ इलेव्हन्थ स्ट्रीटवर हे दुकान कित्येक दशके होते. पत्ते, फासे, रूलेट, घोड्यांच्या शर्यती अशा जुगाराच्या नाना प्रकारांवरची पुस्तके तिथे मिळत. पहिल्यांदाच वेगासला आलेला नवखा आणि मुरलेला खेळाडू, दोघेही त्याच कपाटांसमोर उभे राहत. या दुकानाने स्वतःही पुस्तके छापली. नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगास येथील ग्रंथालयातही जुगार या विषयावरचा मोठा संग्रह आहे.

या पुस्तकांमध्ये हातचलाखीचे मंत्र किंवा नशीब उघडण्याचे तोडगे असतील असे वाटेल. तशीही पुस्तके निघतात, नाही असे नाही. पण नवख्यांसाठी लिहिलेली चांगली पुस्तके सुरू होतात ती गणितापासून.

दोन डॉलरचा फरक

रूलेटचे उदाहरण घेऊ. फिरत्या चक्रावर १ ते ३६ आकड्यांची घरे असतात. शिवाय अमेरिकन चक्रावर एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, म्हणजे एकूण ३८ घरे. तुमचा आकडा लागला तर एका डॉलरला ३५ डॉलर मिळतात आणि लावलेला डॉलर परत मिळतो. आता समजा, एखाद्याने सगळ्याच घरांवर एकेक डॉलर लावला. त्याचे ३८ डॉलर गेले. कोणते तरी एक घर लागणारच, त्याचे ३६ डॉलर हाती आले. दोन डॉलर कॅसिनोच्या खिशात!

नशिबाचा प्रश्नच नाही, लबाडीही नाही. शंभर डॉलर लावले की सरासरीने सव्वापाच डॉलर कॅसिनोचे. एकच शून्य असलेल्या युरोपियन चक्रावर हेच प्रमाण २.७० टक्के होते. म्हणून पुस्तके सांगतात, खेळायचेच असेल तर एका शून्याचे चक्र शोधा. गेल्या काही वर्षांत तर स्ट्रिपवर तीन शून्यांची चक्रेही आली आहेत. तिथे कॅसिनोचा वाटा ७.६९ टक्क्यांवर जातो. वाचणारा एका शून्याचे चक्र शोधतो, न वाचणारा दिसेल त्या चक्रापाशी बसतो. फरक इतकाच, की पहिला हळू हरतो आणि दुसरा लवकर.

प्राध्यापकाने उडवलेली खळबळ

कॅसिनोवाले एकदा मात्र पुस्तकाला खरोखर घाबरले होते. १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या गणिताच्या तरुण प्राध्यापकाचे 'बीट द डीलर' प्रसिद्ध झाले. विषय होता ब्लॅकजॅक, म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ नेण्याचा खेळ. थॉर्प यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केले, की वापरून झालेले पत्ते लक्षात ठेवले आणि गड्डीत एक्के व दहाच्या किमतीचे पत्ते जास्त उरले असताना मोठी रक्कम लावली, तर पारडे खेळणाऱ्याच्या बाजूने झुकते.

१९६४ मध्ये लास वेगासच्या कॅसिनोंनी घाबरून खेळाचे नियमच कडक केले. पण गिऱ्हाईक रोडावले आणि थोड्याच आठवड्यांत जुने नियम परत आणावे लागले. मग कॅसिनोंनी दुसरा मार्ग काढला. एका गड्डीऐवजी अनेक गड्ड्या एकत्र पिसायच्या आणि पत्ते मोजणारा कुणी सापडला तर त्याला खेळू द्यायचे नाही. दरम्यान त्यांना एक गोष्ट उमगली. पुस्तक वाचून येणारे पुष्कळ, पण गोंगाटात, दिव्यांच्या लखलखाटात, तासन्‌तास न चुकता पत्ते मोजणारे थोडे. 'आपल्याला युक्ती माहीत आहे' एवढ्या विश्वासावर येणारे गिऱ्हाईक तर धंद्याला उत्तमच! पुस्तकांची भीती संपली ती तेव्हापासून.

पोकरचा पहिला धडा

पोकरची गोष्ट थोडी निराळी आहे. इथे खेळाडू कॅसिनोविरुद्ध नव्हे, तर एकमेकांविरुद्ध खेळतात. कॅसिनो टेबल पुरवतो आणि मधे जमलेल्या रकमेतून आपला वाटा काढून घेतो. 'टेक्सस होल्डेम' या प्रकारात प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात. दर टप्प्याला बोली लागते. तीन पत्ती खेळणाऱ्याला चाल देणे, घाबरवणे, पॅक होणे या गोष्टी ओळखीच्या वाटतील.

इथेही पुस्तके आधी आकडे देतात. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होऊ शकतात. सिनेमात नायकाला हमखास मिळणारा, एकाच रंगाचा दहापासून एक्क्यापर्यंतचा हात त्यात फक्त चार वेळा येतो. निम्म्याहून थोड्या अधिक हातांत तर साधी जोडीही नसते. होल्डेममध्ये सुरुवातीलाच दोन एक्के हाती यावेत, असे २२१ डावांत सरासरी एकदाच घडते. म्हणून प्रत्येक चांगल्या पुस्तकाचा पहिला धडा एकच: पत्ते टाकून द्यायला शिका. नवखा खेळाडू पत्ते पाहायला आलेला असतो, बसून राहायला नव्हे. त्यामुळे हाच धडा त्याला सर्वांत जड जातो.

डेव्हिड स्क्लान्स्की यांचे होल्डेमवरचे पुस्तक १९७६ मध्ये लकमन यांच्याच संस्थेने काढले. १९७६ आणि १९७७ असे लागोपाठ दोनदा जगज्जेते ठरलेले डॉयल ब्रन्सन यांनी 'सुपर सिस्टीम' या जाड ग्रंथात आपली सारी विद्या उघड केली. प्रतिस्पर्ध्यांनी तो ग्रंथ वाचला आणि आपलीच युक्ती आपल्यावर उलटली, असे ते पुढे सांगत.

२००३ मध्ये तर चमत्कारच झाला. टेनेसी राज्यातल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने शंभर डॉलरहून कमी शुल्काच्या इंटरनेटवरील स्पर्धेतून प्रवेश मिळवला आणि ८३९ खेळाडूंमधून पंचवीस लाख डॉलर जिंकले. पुढच्याच वर्षी खेळाडूंची संख्या २,५७६ झाली, २००६ मध्ये ८,७७३ आणि २०२४ मध्ये १०,११२. जगभर पोकरच्या पुस्तकांचा खप वाढला. पण अलीकडे या स्पर्धेत साधारण सातातल्या एकालाच काही बक्षीस मिळते. विजेत्याचे पैसे येतात ते बाकीच्यांच्या खिशातून. शिवाय टेबलाभोवतीच्या सगळ्यांनीच तेच पुस्तक वाचलेले असेल, तर त्याचा फायदा कुणालाच नाही. ही साधी गोष्ट पुस्तक विकत घेताना क्वचितच कुणाच्या लक्षात येते.

नळराजाने शिकलेली विद्या

द्यूताची विद्या शिकण्याची कल्पना भारतीयांना नवी नाही. महाभारताच्या वनपर्वात नळराजा द्यूतात राज्य हरतो आणि ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ दौडवताना वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. नळ थांबून मोजतो, तर आकडा बरोबर! अश्वविद्येच्या बदल्यात नळ त्याच्याकडून 'अक्षहृदय' ही फाशांची विद्या घेतो. फासे आणि मोजदाद यांचा संबंध आपल्या पूर्वजांनी किती अचूक ओळखला होता!

पुढे नळ राज्य परत जिंकतो, पण तिथेच थांबतो आणि हरलेल्या भावाला त्याचा वाटा परत देतो. ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात ती वनवासात बसलेल्या युधिष्ठिराला. शेवटी ते त्यालाही ती विद्या देतात, पण राज्य गेल्यावर. बहुतेकांना जुगाराचे गणित कळते ते असेच, सारे हरून झाल्यावर.

घरातल्यांनी काय पाहावे?

गोव्यात पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी पर्यटकांना आता परिचित आहेत. महाराष्ट्राने मात्र १९७६ पासून नुसता कागदावर असलेला आपला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्दच केला. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या पोकर, रमीसारख्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. तरीही घरातला तरुण पोकरचे पुस्तक घेऊन बसला आणि 'हा जुगार नाही, कौशल्य आहे' म्हणाला, तर आईवडिलांनी काय समजावे?

पुस्तक वाचण्यात वाईट काहीच नाही. संभाव्यतेचे गणित, संयम, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज या गोष्टी त्यातून शिकता येतात. काड्या लावूनही तो खेळ रंगतो. मात्र त्याच पुस्तकांत पैशांबद्दल एक प्रकरण असते. गेले तरी संसाराला झळ पोहोचणार नाही एवढीच रक्कम वेगळी काढा, ती संपली की उठा, हरलेले भरून काढण्यासाठी आणखी लावू नका, असे त्यात बजावलेले असते. पत्त्यांची कोष्टके पाठ करणारा हे प्रकरण चाळून पुढे जात असेल, उधारी करत असेल, हरलेली रक्कम लपवत असेल, तर प्रश्न पुस्तकाचा उरलेला नाही. अशा वेळी टोमणे किंवा शपथा यांचा उपयोग होत नाही, मदत घ्यावी लागते. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या 'गॅम्बलर्स ॲनॉनिमस' या संघटनेत असे लोक एकत्र येऊन एकमेकांना आधार देतात. भारतात केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

वेगासला जायचे तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ चांगला. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. लॉस एंजेलिसहून मोटारीने चारपाच तास लागतात. हूवर धरण जवळच आहे, ते चुकवू नये. एकवीस वर्षांखालच्यांना जुगार खेळता येत नाही. बहुतेक कॅसिनोंत खिडक्या आणि घड्याळे शोधूनही सापडत नाहीत, तेव्हा मनगटावर घड्याळ असू द्यावे. काही कॅसिनोंत नवख्यांना खेळाचे फुकट धडेही देतात. ते जरूर घ्यावेत. त्या शहरात फुकट मिळणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे, मात्र धडा संपल्यावर टेबलावरून उठायचे लक्षात ठेवले तरच!