चि.ची वेलांटी

फोटोशॉप मी पहिल्यांदा पाहिलं ते २००३ साली, जिंतूरच्या एका स्टुडिओत. तिथं सात नंबरची आवृत्ती होती, १२८ एमबी रॅमवर चालणारी. सीडी कुणाकडून तरी आलेली. परवाना वगैरे कुणी विचारत नव्हतं. मीही विचारला नाही, याचं आज वाईट वाटतं.

त्या सातमध्येच हीलिंग ब्रश नवा आला होता. एक आजी नवऱ्याचा एकुलता एक फोटो घेऊन आल्या. ट्रंकेत घडी पडून डाव्या डोळ्यावरून पांढरी रेघ गेलेली. ऑल्ट दाबून गालावरची चांगली जागा उचलायची, रेघेवर फिरवायची. गाल भरला, कपाळ भरलं. डोळा मात्र ब्रशनं भरत नाही. मग उजवा डोळा उचलून, उलटा करून डावीकडं बसवला. आजींनी बराच वेळ पडद्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "यांचा डावा डोळा जरा बारीक व्हता, बाबा." मी तो बारीक केला, तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला.

पुढं परभणीत स्वतःचं दुकान टाकलं आणि आवृत्ती निवडायची वेळ माझ्यावर आली. सीएस फाइव्ह नको असलेला माणूस फोटोतून पुसून मागची भिंत आपोआप भरायचं. एलिमेंट्स स्वस्त, पण घरगुती. छपाईचे चार रंग त्यात नाहीत. माझं अडायचं वेगळ्याच ठिकाणी. लग्नाच्या अल्बमचं पहिलं अक्षर म्हणजे 'चि.' मंगल फॉन्टमध्ये टाइप केलं की पहिली वेलांटी च सोडून त्याच्या मागं जाऊन उभी राहायची. 'श्रद्धांजली'तला द्ध तुटून पाय मोडलेला द आणि सुटा ध दिसायचा. म्हणून आम्ही सगळे श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. तिचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा, त्यामुळं अक्षर जागेवर यायचं. पण तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला की नुसती चिन्हं. वधूपित्याला मजकूर तपासायला कागदच न्यावा लागे.

२०१३ साली अडोबीनं पुढच्या आवृत्त्या फक्त भाड्यानं द्यायचं ठरवलं. कायमची विकत मिळणारी शेवटची सीएस सिक्स. भाडं बाराही महिने. आमचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढीला थांबतात, आणि कापूस-सोयाबीनला भाव नसला की अल्बमची पानंही घटतात. तरी मी भाडं भरायला लागलो. कारण नव्या आवृत्तीत टाइपच्या सेटिंगमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असा पर्याय होता. तो निवडला आणि 'चि.' लिहिलं. वेलांटी च च्या आधी, जिथं असायला हवी तिथं. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट पडद्यावर एवढीशी होती, आणि माझ्यासाठी तीच खरी नवी आवृत्ती.

दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी जिंप हे फोटोचं सॉफ्टवेअर देतो. ते फुकट आहे, रीतसर आहे, आणि त्यात मराठी जोडाक्षरं नीट उमटतात. तयार अल्बमच्या पीएसडी फायली त्यात कधी कधी विस्कटतात, तेवढ्यासाठी भाड्याचं फोटोशॉप. तुम्हीही कोणतीही आवृत्ती घ्या; पैसे भरण्याआधी तिच्यात आपल्या आईचं नाव मराठीत टाइप करून पाहा. ते तुटत असेल, तर घेऊ नका.